अंगात आल्यावर धरायला कोण?

तर मंडळी, विषय आहे सिनेमातला लांडगामाणूस, वेअरवुल्फ, आणि मी सुरुवात करणारे आमच्या गल्लीतल्या एका मावशींपासनं. पौर्णिमेला त्यांच्या अंगात यायचं. केस मोकळे, आवाज भलताच, घुमायला लागल्या की आम्ही पोरं दाराआड. पण आज मला भीतीपेक्षा दुसरंच आठवतं, चार बायका त्यांना धरून असायच्या, कोण पदर सारखा करतंय, कोण तोंडाला पाणी लावतंय, आणि शांत झाल्या की चहा पाजूनच घरी सोडायच्या.

आता 1941 चा 'द वुल्फ मॅन' बघा. लॉन चेनी ज्युनियरचा लॅरी एका बाईला वाचवायला जातो आणि त्यालाच चावा बसतो, म्हणजे गुन्हा काय तर मदतीला धावला. स्टोरी लिहिली कर्ट सिओडमॅकनं, हा ज्यू माणूस नाझींमुळं जर्मनी सोडून आलेला, तिकडं नाझी ज्यूंना कपड्यावर चांदणी लावायला लावत, आणि याच्या गोष्टीत पुढचा बळी कोण हे तळहातावर उमटणाऱ्या चांदणीवरनं कळतं! हे कळल्यावर मला तो पिक्चर साधा भुताखेताचा वाटेनासाच झाला. बाकी पौर्णिमेचा नियम लई जुना वाटतो ना, पण या पहिल्या पिक्चरमध्ये पूर्ण चंद्र दाखवतच नाहीत, ते पक्कं झालं 1943 च्या पुढच्या भागात.

मेकअप जॅक पियर्सचा, याकचे केस एकेक करून चिकटवलेले. आणि पहिल्यांदा बदल होतो तेव्हा कॅमेरा नुसता पायांवर, थोडे केस लावायचे, शूट करायचं, परत थोडे, आणि एका चित्रात दुसरं विरघळवायचं. हे कोल्हापुरात सांगताना अंगावर काटा येतो, कारण मूकपटवाले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच हातानं बनवला होता, आणि त्यांच्या 1920 च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री लावली. हातानं केलेल्या कामाची दहशत आपल्या गावाला नवीन नाही.

मग 1981. 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन', दिग्दर्शक जॉन लँडिस, मेकअप रिक बेकर. तोपर्यंत बदल म्हणजे अंधार, धुकं, सावल्या, आणि हे लोक काय करतात तर दिवाणखान्यात लख्ख उजेडात दाखवतात! हात लांब होतोय, पाठीचा कणा वर येतोय, तोंड पुढं ओढलं जातंय आणि तो पोरगा कळवळून ओरडतोय, मागं गाणं मात्र गोड चाललंय. मेकअपचं ऑस्कर तेव्हा नियमित सुरू झालं आणि पहिलं बेकरलाच मिळालं. पण मी तो सीन कितीदा बघितला तरी माझं लक्ष खोलीकडं जातं हो. रिकामी खोली. कुणीच नाही. कॉम्प्युटरवर केलेले लांडगे हल्ली दोन सेकंदात बदलतात, दुखतच नाही त्यांना, म्हणून ते मला नुसते जनावर वाटतात.

परत 1941 कडं येतो, कारण शेवट सांगायचा राहिला. लॅरीला कळलंय आपलं काय होतंय, बाप त्याला खुर्चीला बांधतो. बांधतो, पण जवळ बसत नाही, शिकारीला निघून जातो! तो जाताना लॅरीच त्याला चांदीच्या मुठीची काठी सोबत घ्यायला लावतो. आणि रानात बाप त्याच काठीनं लांडग्याला मारतो, मारून झाल्यावर बघतो तर केस गळत गळत खाली पोराचा चेहरा. क्लॉड रेन्सनं केलेला तो बाप बघा एकदा, नुसता उभा राहिलेला.

आपल्याकडं 2022 मध्ये 'भेडिया' आला, अमर कौशिकचा, अरुणाचलात घडणारा, वरुण धवन जंगलातनं रस्ता काढायला जातो आणि लांडगा चावतो. इफेक्ट वगैरे सोडा, मला त्यातलं काय भावलं तर त्याचे मित्र. घाबरतात, पळतात, भांडतात, पण परत त्याच्यापाशी येतातच. हे आपल्या मातीतलं आहे, हे हॉलिवूडच्या लॅरीच्या नशिबी नव्हतं.

इथं कॅमेरा घेऊन फिरणारी पोरंपोरी बसलीत, त्यांच्याकडनं मला एक सीन पाहिजे. जुन्या वाड्याचा चौक, मधे एक बाई, बोटांची नखं वाढतायत, कणा वाकतोय, आणि चार बायका तिला धरून बसल्यात, हात सोडायला तयार नाहीत.