दारात किवी लावण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. परसबागेत किवी लावू का, एकट्या वेलीलाही फळं धरणारी जात मिळते अशी जाहिरात बघितली, असं हल्ली बरेच जण विचारतात. लातूर, बीड, परभणीकडच्या मंडळींनी पैसे घालण्याआधी थोडं ऐकून घ्यावं.

किवीच्या नर आणि मादी वेली वेगळ्या. मादी फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंचा झुपका चक्रासारखा पसरलेला असतो. भोवती पुंकेसरही असतात, पण त्यांतले पराग वांझ. नर फुलात पुंकेसर भरगच्च, मधला झुपका नाही. म्हणून ‘हेवर्ड’ या मादी जातीला जवळपास नर वेल लागतेच. ‘जेनी’ किंवा द्राक्षाएवढी, बिनलवेची फळं देणारी ‘इसाई’ एकटीही फळते. जाहिरातीतलं एवढं खरं.

पण नराची अडचण सुटली म्हणून थंडीची सुटत नाही. हेवर्डला हिवाळ्यात सात अंशांखालचे सहाशे-आठशे तास मिळावे लागतात, तेव्हा कुठं काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, नीट फुटतात आणि फुलं येतात. 1960 मध्ये बंगळुरूच्या लालबागेत किवी लावली होती. थंडी पुरली नाही, फळ धरलं नाही. पुढं शिमल्यात ती फळली. आज हिमाचल, अरुणाचलात तिच्या बागा आहेत. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन तापतंच. पुढं मे महिन्यातली चाळिशीपारची झळ आणि चुनखडीची जमीन. किवीला तर किंचित आम्लधर्मी माती हवी. वेल जगेलही, फळाची आशा धरू नका. हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा दारात द्राक्ष लावा. लागवडीच्या द्राक्षाचं फूल द्विलिंगी असतं, एकच वेल पुरते. जालन्याजवळच्या कडवंचीनं शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या केल्यात, तेव्हा हवामानाची शंका नको. डॉगरिज खुंटावरचं, म्हणजे खाली डॉगरिज जातीची मुळं असलेलं, कलम घ्या. क्षार आणि पाण्याचा ताण तो सोसतो. काळ्या जमिनीत बुडाशी पाणी साचू देऊ नका.

छाटणी मात्र चुकवायची नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून जुन्या काढणं, आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठीची फळछाटणी, तीही पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या काडीवर. नुसता वाढू दिलेला मांडव सावली देतो, घड देत नाही. फळछाटणीनंतर पाऊस आलाच, तर पानं उलटून बघा. खाली पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा रोग. तशी पानं लगेच तोडून लांब नेऊन पुरा.