साक्ष : मिरजेतील एका परिचारिकेची सकाळ

(दृश्य : मिरज जंक्शन, पहाट)

पहाटेच्या गाड्यांतून उतरणाऱ्या गर्दीत दवाखान्यासाठी आलेली माणसे लगेच ओळखू येतात. हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी, काखेत चादर, आणि बोलण्यात मराठीइतकीच कानडी. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय उघडले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांना मिरजेची वाट ठाऊक झाली. 1928 मध्ये ब्रिटिश सरकारने वॉन्लेस यांना 'सर' हा किताब दिला. परंतु गावोगावच्या माणसांनी त्यांच्या श्रद्धेची पारख केली ती रुग्णाच्या खाटेजवळ, त्यांच्या हातांच्या कामावरून.

(दृश्य : घरातील प्रार्थना, पेटी आणि टाळ)

त्याच परंपरेत वाढलेल्या या निवृत्त परिचारिका. गल्लीत त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात. घरची सकाळ कुटुंबप्रार्थनेने सुरू होते. पेटीवर सून, टाळ नातवाच्या हाती, आणि गीत ख्रिस्ती मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून शेजारच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ख्रिस्ताची ओळख मराठी माणसाला त्याच्याच ओवी-अभंगातून व्हावी, हा त्यांचा ध्यास या छोट्या खोलीत आजही ऐकू येतो.

(दृश्य : आबांचे घर, मलमपट्टी)

प्रार्थनेनंतर सिस्टर रोज ज्यांच्या पायाची पट्टी बदलायला जातात, ते आबा ऊस शेतकरी, मधुमेहाचे जुने रुग्ण. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे चपलेतला खडा दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही आणि साध्या घासणीची जखम होते. सिस्टर प्रथम साबणाने हात धुतात. जुनी पट्टी त्या ओढून काढत नाहीत. सलाइनने भिजवून, ती आपोआप सुटेपर्यंत थांबतात. जखमेची कड काळी पडली आहे का, वास येतो का, पाऊल गरम लागते का, हे पाहून त्या मधून बाहेरच्या बाजूस पुसत जातात, स्वच्छ गॉज ठेवतात आणि रोलर पट्टी बेताने बांधतात. रंग दिसावा म्हणून बोटांची टोके उघडी ठेवतात. मग साखरेच्या तपासणीचा कागद वाचतात, चपलेत हात घालून आतला तळ चाचपतात, वापरलेले गॉज वेगळ्या पिशवीत भरतात. पैसे घेत नाहीत. चहा मात्र घेतात.

या संपूर्ण वेळात धर्माविषयी एक शब्दही निघत नाही, आणि आमच्या मते साक्षीची, म्हणजे आपल्या श्रद्धेची ग्वाही देण्याची, खरी ताकद येथेच आहे. डोंगरावरील प्रवचनात येशूने शिष्यांना मीठ आणि प्रकाश म्हटले, आणि त्यांची सत्कर्मे पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचा गौरव करावा असे सांगितले. येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधील करिंथ शहरात तंबू शिवण्याचा व्यवसाय करीत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगत असे. ज्याच्या व्यवहारावर शेजाऱ्याचा विश्वास बसलेला नाही, त्याचे प्रवचन शेजाऱ्याने का ऐकावे?

बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी आबांनीच विचारले, "सिस्टर, तुम्ही रोज कशापायी येता?" त्यावर त्यांनी सरळ सांगितले, "आबा, प्रभू येशूने माझ्यावर फार प्रेम केलंय, म्हणून येते." आबांनी आणखी विचारले, तेवढेच त्यांनी पुढे सांगितले. न विचारलेले उत्तर लादणे म्हणजे समोरच्याच्या दुखण्याचा फायदा घेणे, असे त्या मानतात. विचारल्यावर गप्प बसणे मात्र त्यांना अप्रामाणिक वाटते.

आबांची जखम भरली. त्यांची सून अधूनमधून रविवारी उपासनेला येते, आबा पूर्वीप्रमाणे आषाढीला पंढरपूरला जातात, आणि सिस्टर दोघांच्याही घरच्याच आहेत.

(दृश्य : ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा हॉल, शनिवार दुपार)

आता मंडळीतील काही मुली त्यांच्याकडे पट्टी बांधायला शिकतात. सिस्टर त्यांना आधी रुग्णाशी बोलायला लावतात, त्याच्या घरात पाणी कुठून येते, औषध कोण देते, रात्री झोप लागते का, हे विचारायला सांगतात, आणि मगच कात्री हातात देतात. या मुलींपैकी दोघी नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज करणार आहेत. बाकीच्या आपापल्या गल्लीतील वृद्धांकडे जाऊ लागल्या आहेत.