एकाच घरातली दोन वजने

श्रोतेहो, नमस्कार. जगात ५ ते १९ वर्षे वयाच्या शंभर मुलामुलींमागे १९९० मध्ये साधारण २ जण स्थूल होते. २०२२ मध्ये ते ८ झाले. भारतात याच काळात अशा मुलांची संख्या सुमारे ४ लाखांवरून सुमारे सव्वा कोटीवर गेली. पुन्हा सांगते, चार लाखांवरून सव्वा कोटी. प्रशांत महासागरातील नाउरू, कुक बेटे अशा देशांत हे प्रमाण जगात सर्वाधिक आहे, कारण तेथील मासळी आणि कंदमुळांची जागा बाहेरून येणाऱ्या डबाबंद खाद्याने घेतली. आपल्या देशात मात्र २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या शंभर मुलांमागे २४ किडकिडीत आणि ५ जादा वजनाची आढळली. दोन्ही दुखणी आपल्याकडे एकत्र नांदतात.

किती एकत्र, ते मला दारव्हा तालुक्यातील एका घराने दाखवले. शाळेतील तपासणीत १४ वर्षांच्या एका मुलाची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो भरले, म्हणून मी त्याच्या घरी गेले. आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी वजनाचा विषय काढताच ती म्हणाली, "मॅडम, आमच्या दोन पिढ्यायची हाडं दिसत होती. आता कुठं एक पोट्टं अंगानं भरलं, तर तेही तुमाले पाहवत नाही का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, भूक पाहिलेल्या माणसाची धास्ती होती. तेवढ्यात मुलाची १६ वर्षांची बहीण डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन आली. १५२ सेंटिमीटर उंची आणि वजन जेमतेम ३६ किलो. भाऊ शाळेत मोटारसायकलवर जाई, आजीच्या पैशातून रोज कुरकुऱ्यांची पुडी आणि गोड थंड पेय घेई व घरी आल्यावर मोबाइल घेऊन बसे. बहीण पहाटे भांडी घासून, सुटीच्या दिवशी कापूस वेचून, सर्वांच्या शेवटी जेवत असे. मी आजीला एवढेच विचारले, "पोरीसाठी पुडी कधी आणता?" आजीचे हात थांबले.

म्हणून मला वाटते की लठ्ठपणा हा केवळ सुखवस्तू घरांचा रोग नाही. सोयाबीनने आपल्या शिवारातून ज्वारी हटवली, तशी ती ताटातूनही गेली. रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात ज्वारी हक्काने मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. खेळाचा तास गणिताला देणे तर शाळांनी थांबवलेच पाहिजे.

वाढत्या वयात मुलांना उपाशी ठेवू नका, पुन्हा सांगते, उपाशी ठेवू नका; पुडी आणि थंड पेय तेवढे बंद करा आणि मुलाला शाळेत पायी पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा वजनासोबत उंचीही लिहून घ्या, मुलाची आणि मुलीचीही, आणि तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.