घास गिळल्यानंतरही चालणारे लाळेचे काम

घास तोंडात जाण्याआधीच, अन्नाच्या नुसत्या वासाने लाळ सुटू लागते. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असलेल्या लाळग्रंथींच्या ३ मोठ्या जोड्या दिवसाकाठी सुमारे १ ते १.५ लिटर लाळ तयार करतात. दात घासाचा चुरा करतात, जीभ तो घोळवत राहते आणि लाळेतील बुळबुळीत म्युसिनमुळे त्याचा गिळण्याजोगा गोळा होतो. याच लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून माल्टोजसारखी शर्करा मोकळी करते; पिष्टमय घास बराच वेळ चघळला की तो किंचित गोड लागू लागतो, तो यामुळेच.

मात्र घास तोंडात फार काळ राहत नाही, त्यामुळे अमायलेजचे काम अर्धवटच राहते. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेचे स्नायू क्रमाक्रमाने आकुंचन पावत घास खाली ढकलतात. जठराच्या वरच्या भागात गिळलेले घास साचतात आणि त्यांच्या गाभ्यापर्यंत आम्ल झिरपत नाही तोवर अमायलेज तेथेही पिष्ट तोडत राहते. तोंडातील पचन तोंडातच संपते, असे आपण सहज धरून चालतो. ते खरे नाही.

जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की रिकाम्या पोटी जठररसाचा सामू (pH; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो. प्रथिने तोडणारे पेप्सिन मात्र पेशींमधून थेट स्रवत नाही; ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बाहेर येते आणि आम्लाशी गाठ पडल्यावरच कामाला लागते, अन्यथा ज्या पेशींनी ते घडवले त्यांनाच त्याने पचवले असते. जठराच्या अस्तरावर त्याला आम्लापासून जपणारा बायकार्बोनेटयुक्त श्लेष्माचा (बुळबुळीत स्रावाचा) थर असतो, शिवाय पृष्ठभागावरील पेशी दर काही दिवसांनी बदलल्या जातात.

हे पचन रासायनिक असल्याचा भक्कम पुरावा एका अपघातातून मिळाला. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. त्याच्यावर उपचार करणारे विल्यम ब्यूमाँट १८२५ पासून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडून ठरावीक वेळाने बाहेर काढू लागले. जठररस कुपीत घेऊन शरीराइतका उबदार ठेवला, तेव्हा त्यात टाकलेले मांसही विरघळले, जठरातल्यापेक्षा सावकाश, एवढाच फरक. जखमी माणसाच्या वाट्याला आलेली ही वर्षानुवर्षांची गैरसोय आजच्या वैद्यकीय नीतीत बसली नसती, हेही नमूद करायला हवे.

घुसळून पातळ झालेले अन्न जठराच्या खालच्या टोकाची झडप थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडते. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचताच तेथून निघणारी संप्रेरके जठराचा वेग मंदावतात, म्हणून तेलकट जेवणानंतर पोट बराच वेळ भरलेले वाटते.