ओव्हरहेड कापला की नेमकं कोणाचं कापलं जातं?

नमस्कार मंडळी. अमेरिकन सरकारनं हार्वर्ड, कोलंबियाचे पैसे रोखल्याच्या बातम्या तुम्ही सगळ्यांनी वाचल्यात, त्यावर आज बोलत नाही. मला बोलायचंय ते इनडायरेक्ट कॉस्टवर, लॅबमधली माणसं ज्याला सरळ ओव्हरहेड म्हणतात: संशोधनाच्या ग्रांटवर (मिळालेल्या निधीवर) वीज, इमारत, ऑफिस अशा सामायिक खर्चासाठी युनिव्हर्सिटीला वरून मिळणारे पैसे. विषय अकाउंटंटचा वाटतो, पण अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आपल्या कितीतरी पोरापोरींचा स्टायपेंड शेवटी यालाच बांधलेला असतो.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सगळ्यात मोठी फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची संस्था, हिनं नोटीस काढली की सोमवारपासून ओव्हरहेड सरसकट १५ टक्के. तोपर्यंत प्रत्येक युनिव्हर्सिटीचा दर सरकारबरोबर बसून ठरायचा, हार्वर्डचा ६९, येलचा ६७.५, जॉन्स हॉपकिन्सचा ६३.७. आता हे आकडे ऐकून लोकांना वाटतं की शंभरातले साठ-सत्तर रुपये ऑफिसातच जिरतात. तसं नाहीये. ६० टक्के दर म्हणजे प्रयोगाला १०० डॉलर दिले तर वर ६० आणखी, म्हणजे १६० मधले ६०. (खरा हिशेब याहून किचकट आहे, महागडी उपकरणं वगैरे त्या १०० मध्ये धरत नाहीत.) आणि त्यातला निव्वळ ऑफिसचा खर्च २६ टक्क्यांच्या वर लावताच येत नाही, ही मर्यादा १९९१ पासूनची आहे.

मग बाकीचे जातात कुठे? कॅन्सरवर काम करणारी एखादी लॅब घ्या. उंदरांची खोली असते, तिथलं तापमान, हवा, उजेड सगळं ठरलेलं, पिंजरे धुणारा माणूस ख्रिसमसला पण येतो कारण उंदरांना सुट्टी नसते. उणे ८० डिग्रीचे फ्रीझर रात्रंदिवस चालू, वीज गेली तर पेशंटचे वर्षानुवर्षं जमवलेले सॅम्पल खराब, म्हणून जनरेटर. केमिकलचा कचरा नियमाप्रमाणे उचलायचा, पेशंटवरच्या अभ्यासाला एथिक्स कमिटी लागते. यातलं बरंचसं एका प्रोफेसरच्या ग्रांटवर टाकता येत नाही कारण ते पन्नास लॅबमध्ये वाटलेलं असतं. तिथे ६० चे १५ झाले तर वीजबिल काही कमी होत नाही.

ओव्हरहेडचा हिशेब तपासू नये असं मी म्हणत नाही, जरूर तपासा, जनतेचा पैसा आहे. पण शुक्रवारी नोटीस आणि सोमवारी अंमल ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. २२ राज्यं कोर्टात गेली, बोस्टनच्या फेडरल कोर्टानं लगेच स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये तो आदेश कायम केला. तरी नुकसान थांबलं नाही, कारण डिपार्टमेंटला पीएचडीच्या मुलांना पाच वर्षांच्या फंडिंगचा शब्द आज द्यायचा असतो आणि पुढच्या वर्षी पैसा येईल का हे कोणालाच माहीत नाही. मार्चमध्ये यूमास चॅन मेडिकल स्कूलनं पीएचडीच्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. विचार करा, पोरानं नोकरी सोडलीय, पेढे वाटून झालेत, आणि मग ईमेल येतो.

त्यात जुलै २०२५ च्या कायद्यानं ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी) कर्ज १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना बंद. हे फेडरल कर्ज व्हिसावरच्या मुलांना आधीही मिळत नव्हतं, पण तिकडे जन्मलेल्या आपल्या मुलांना मिळायचं. आता मेडिकलसारख्या कोर्सला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आहे, बऱ्याच खाजगी मेडिकल स्कूलचा वर्षाचा खर्चच त्याच्या वर जातो, म्हणजे उरलेलं बँकेकडून, बँकेच्या व्याजानं, आणि बहुतेक वेळा आईवडिलांच्या सहीवर.

म्हणून ऑफर लेटर आलं की युनिव्हर्सिटीचं रँकिंग नंतर बघा, आधी डिपार्टमेंटला लेखी विचारा: फंडिंग किती वर्षांचं पक्कं? पैसा प्रोफेसरच्या ग्रांटमधून येणार की युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या फंडातून? ग्रांट मध्येच थांबली तर टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करून मिळणारा पगार) देणार का? आणि त्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलाशी फोनवर बोलून घ्या, पैशाची खरी परिस्थिती त्यालाच माहीत असते.