मगरीची शेपटी

लांबून पाहिला तर हा नेहमीचा चर्चिल रणगाडा. बुरुजावर ७५ मिलिमीटरची तोफ, आत पाच माणसं. पण जरा मागे बघा. साडेसहा टनांचा चिलखती ट्रेलर त्याने ओढत आणलाय. या शेपटीसकट ब्रिटिश सैन्यात त्याचं नाव होतं क्रोकोडाइल, म्हणजे मगर. ही मगर आग ओकायची.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दिएपच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचा जर्मनांवरचा हल्ला पार फसला. काँक्रीटच्या मोर्चांपुढे साधे रणगाडे पुरे पडत नाहीत, हे तिथे रक्त सांडून कळलं. पुढच्याच वर्षी मेजर जनरल पर्सी होबार्ट यांच्या ७९ व्या आर्मर्ड डिव्हिजनकडे खास कामांचे रणगाडे सोपवले गेले. मगर त्यातलीच.

ट्रेलरमध्ये सुमारे १,८०० लिटर घट्ट इंधन. नायट्रोजनच्या दाबाने ते रणगाड्याच्या पोटाखालच्या पाइपातून पुढे यायचं आणि चालकाशेजारच्या मशीनगनच्या जागी बसवलेल्या नळीतून बाहेर पडायचं. पल्ला शंभर मीटरच्या आसपास. एकेका सेकंदाचे साधारण ८० फवारे, की टाकी रिकामी.

इंधन माणसांपासून वेगळं ठेवलं, हे या रचनेतलं सगळ्यात मोठं शहाणपण. ट्रेलरला धोका झाला, तर तो आतूनच सोडून देता यायचा. पण नायट्रोजनचा दाब फार वेळ टिकत नसे. म्हणून हल्ल्याच्या तोंडावर, शत्रूपासून शक्य तितक्या जवळ, खाली उतरून ट्रेलरचे व्हॉल्व्ह हाताने उघडावे लागत. चिलखताबाहेरची ती मिनिटं कशी गेली असतील!

आता फ्रान्समधलंच ब्रेस्ट बंदर. सप्टेंबर १९४४. खंदकाने वेढलेला, जर्मनांच्या ताब्यातला माँबारे किल्ला. पायदळ अमेरिकन, मगरी ब्रिटिश. वाटेत सुरुंग पेरलेले, त्यात रणगाडेही गेले. तरी उरलेले पुढे सरकले आणि भिंतीतल्या फटींवर आग ओतू लागले.

कधी कधी पहिला फवारा न पेटवताच मारत. इंधन भिंतीवरून ओघळायचं, फटींतून आत झिरपायचं. आतल्या माणसाला वास यायचा, आणि पुढे काय होणार हे त्याला पुरतं ठाऊक असायचं. अनेक ठिकाणी मगर नुसती दिसली, तरी पांढरी फडकी बाहेर आली.

माँबारे १६ सप्टेंबरला पडला. आज तिथे स्मारक आहे, आणि आवारात एक मगर उभी आहे.