पुढची तारीख

नमस्कार. आज ८ मे, जागतिक थॅलेसेमिया दिन. मी डॉक्टर नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या एका मुलीची आई आहे आणि पुण्यात आम्हा पालकांची एक छोटी संस्था आहे, तिथं काम करते. आज तुम्हाला एका वहीबद्दल सांगायचंय.

वही दोनशे पानी, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली. मार्च २०२० मध्ये घेतलेली. रकाने मीच पट्टीनं आखले: मुलाचं नाव, रक्तगट, मागचं हिमोग्लोबिन, पुढची तारीख, रक्त कुठं चढवायचं. सहावा रकाना पंधरा दिवसांनी पेन्सिलीनं वाढवला, 'रक्त कोण देणार?' तोवर हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. रक्तपेढीत पिशवी असायचीच.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आई आणि वडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजाराचा दोष अंगात वाहणारे, तर प्रत्येक बाळंतपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जन्मभर. रक्तासोबत लोह येतं, ते हृदयात आणि यकृतात साठतं, म्हणून ते बाहेर काढायच्या गोळ्या रोजच्या रोज. तारीख चुकली तर मूल कुरकुर करत नाही, नुसतं बसून राहतं. माझी लेक जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली, कठड्याला टेकली, की मला रिपोर्टची गरज लागत नाही.

९ मार्चला राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि दोन आठवड्यांत सगळं बंद झालं. आमचं गणित कसं फिसकटलं बघा. रक्त येतं शिबिरांतून. शिबिरं भरतात कॉलेजांत, कंपन्यांत, मंडळांत. ती सगळी बंद. एरवीसुद्धा उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा असतोच. कॉलेजांना सुट्टी, माणसं गावाला. पिशवीतल्या लाल पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात, म्हणजे मार्चअखेरचा साठा मेच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडं जाणार नाही. लोक म्हणायचे, शस्त्रक्रिया पुढं ढकलल्यात ना, मग रक्त कमीच लागत असेल. लागत होतं कमी, पण इतरांना. हर्नियाचं ऑपरेशन जूनमध्ये करता येतं. आमच्या मुलांना जूनमध्ये या म्हणून सांगता येत नाही.

मग आम्ही शिबिरांचा नाद सोडला आणि एकेका दात्याच्या मागं लागलो. रोज सकाळी नऊला वही उघडायची, येत्या आठ दिवसांतल्या तारखा बघायच्या आणि फोन लावायचे. रक्तपेढीची वेळ ठरवायची, पोलिसांचा पास काढून द्यायचा, कुणाच्या तरी गाडीची सोय करायची. एका वेळी दोनच दाते, म्हणजे गर्दी नको.

व्हॉट्सॲपवरच्या आवाहनांवर मात्र माझा राग आहे, तो इथं काढूनच घेते. 'अमुक मुलाला तातडीनं बी पॉझिटिव्ह हवंय' हा निरोप त्या मुलाला रक्त मिळाल्यावरही तीन-तीन आठवडे फिरत राहतो. त्या बापाला दिवसाला चाळीस फोन, आणि ज्याला खरंच हवंय त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. शेवटी आम्ही नियमच केला: तारीख आणि 'या वेळेनंतर पाठवू नये' ही ओळ असल्याशिवाय आमच्याकडून एकही निरोप बाहेर जाणार नाही.

एका सोसायटीत रक्तपेढीची गाडी न्यायची होती. सेक्रेटरी काका फोनवर ठाम, "बाहेरचं कुणी आत येणार नाही." मी म्हटलं, "काका, गाडी पार्किंगमध्ये उभी राहील, तुमचेच लोक खाली उतरतील, दर वीस मिनिटांना दोघं." बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लिफ्टचं बटण कोण पुसणार?" मी म्हटलं, मी पुसते. आणि खरंच पुसली, सकाळी दहा ते दोन, हातात फडकं घेऊन. बऱ्याच पिशव्या जमल्या. काका साठीचे होते आणि बीपीच्या गोळ्या चालू, म्हणून डॉक्टरांनी त्यांना नको म्हटलं, त्याचं त्यांना भारी वाईट वाटलं.

खेड्यापाड्यातल्या मुलांचे हाल जास्त झाले. एसटी बंद, आणि रक्त चढवायला पुण्यालाच यायचं. काहींसाठी तालुक्याच्या गावीच एखादा छोटा दवाखाना गाठला, तिथल्या डॉक्टरांशी मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांचं बोलणं करून दिलं. गोळ्यांची पाकिटं भाजीच्या टेम्पोतून पाठवली. आणि तापाचं तर विचारूच नका. ज्या मुलांची प्लीहा, म्हणजे पोटातलं जंतूंशी लढणारं इंद्रिय, काढलेली असते त्यांना ताप आला की तासाभरात डॉक्टर गाठावा लागतो. पण त्या दिवसांत ताप म्हटलं की आईबापांचे पाय दवाखान्याकडं वळेनात. नेलं तर पोराला कोविड वॉर्डात टाकतील ही भीती. अशा रात्री फोन माझ्याकडं यायचा. मी काय सांगणार? एवढंच म्हणायची, "ताई, रिक्षा मिळेपर्यंत मी फोन ठेवत नाही."

पुढच्या वर्षी वेगळीच पंचाईत. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांची लस सुरू झाली, म्हणजे आमचे तरणे दाते. लस घेतल्यावर अठ्ठावीस दिवस रक्त देता येत नाही, असा तेव्हा नियम होता. पुढं तो चौदावर आला. आम्ही वही घेऊन पुन्हा फोनला बसलो: लस जरूर घ्या, पण आधी रक्त देऊन जा. एक मुलगा सकाळी रक्तपेढीत आणि दुसऱ्या दिवशी लसीच्या रांगेत. "काकू, दोन्ही दंडांना काम लावलंत," म्हणाला.

ती वही भरली, आता तिसरी चालू आहे. सहावा रकाना आम्ही काढला नाही, फक्त आता पेननं आखतो. उद्याच्या तारखेला नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. एक दाता हो म्हणालाय. दुसऱ्याला इथून बाहेर पडले की फोन लावायचाय. नमस्कार.